नॉर्मल नंबर एक

परबकाका काच ओढायला बसले की आम्ही हातातलं काम टाकून बघत राहायचो. काचेच्या एका टोकाला रक्ताचा थेंब ठेवायचा, दुसरी काच तिरकी टेकवायची आणि एका दमात पुढे सरकवायची. रक्ताचा पातळ पापुद्रा पसरतो, तो वाळवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. काम एवढंच. मी एमबीबीएस होऊन, पदक वगैरे मिरवत तिथे आले होते आणि पहिले दोन महिने माझ्या काचा म्हशीने चाटल्यासारख्या दिसत. काकांची एकही काच कधी वाया गेली नाही. त्यांची बोटं लांबसडक होती, इतकी की काच दोन बोटांत धरल्यावर उरलेल्या तिन्हींचं काय करायचं असा प्रश्न पडावा. "काच अशी ओढायची डॉक्टर, की रक्ताला पत्ता लागता नये," असं ते म्हणत आणि माझी फुकट गेलेली काच कोणाला दिसायच्या आत धुवून टाकत.

ती बोटं एवढी लांब का होती, हे आम्हाला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नसतं कळलं तरी चाललं असतं. आम्हाला न कळून चालणार नव्हतं, कारण आमचं सगळं संशोधन त्याच आजारावर चाललं होतं.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या मागच्या बैठ्या इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. आपलं शरीर ज्या धाग्यांनी बांधलेलं असतं, सांधे, डोळ्यांतली भिंगं, हृदयाच्या झडपा, मोठ्या धमनीची भिंत, ते धागे काही माणसांत जन्मतःच सैल विणलेले असतात. अशी माणसं उंच, काटकुळी, लांब हातापायांची असतात, डोळे अधू असतात. बाकी काही त्रास नसतो. मग एक दिवस हृदयातून निघणारी मोठी धमनी फुगत फुगत फाटते. अशा रुग्णांच्या रक्तपेशींत आधीच काही खूण सापडते का, ते आम्ही शोधत होतो. परबकाका सहा फुटांच्या वर होते, चष्मा सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारखा होता, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते त्याच आजाराने गेले. सात वर्षं ते आमच्यासमोर बसत होते.

सांगायला लाज वाटते, पण त्याहून वाईट पुढे आहे. रुग्णाचं रक्त तपासायचं तर शेजारी निरोगी माणसाचंही रक्त तपासावं लागतं, नाहीतर फरक कशाशी बघणार? ही निरोगी माणसं म्हणजे नॉर्मल. बाहेरून कोण रक्त द्यायला येणार, म्हणून स्टाफनेच बाह्या वर करायच्या, हा सगळ्या प्रयोगशाळांचा रिवाज. आमच्याकडे पहिली बाही काकांची वर झाली आणि वहीत त्यांची नोंद 'नॉर्मल १' अशी झाली. तेव्हापासून त्यांना सगळे 'नंबर एक' म्हणायला लागले. त्यांनाही ते आवडायचं. मिलमधली नोकरी संपाच्या आधीच सोडून ते इथे आले होते आणि संपानंतर देशोधडीला लागलेले जुने सोबती भेटले की सांगायचे, "मी आता नंबर एक आहे, डॉक्टरलोक माझ्यावरून बाकीच्यांची मापं काढतात."

दर सोमवारी सकाळी ते स्वतःच दंडाला रबरी नळी बांधत आणि माझ्यापुढे हात धरत. सुई काढली की कटिंग चहा आणि दोन ग्लुकोजची बिस्किटं, त्यात तडजोड नाही. एकदा मी तिसरं बिस्कीट पुढे केलं तर म्हणाले, "नको, साखर वाढली तर मी नॉर्मल राहणार नाही, तुमची वाट लागेल."

रुग्णांची तपासणी आम्ही नखशिखान्त करत असू. उंची, हातांची लांबी, बोटं, डोळे, छातीचे ठोके. नॉर्मल माणसांची मात्र कोणीच करत नव्हतं. त्यांच्यासाठी एक पानी फॉर्म होता आणि तो काकाच भरत, स्वतःचासुद्धा. सुवाच्य अक्षरात प्रत्येक रकान्यात 'तक्रार नाही'. खाली मी सही करायची. अशा किती कागदांवर मी न वाचता सही केली, त्याचा हिशेब मला देता येणार नाही.

हात मोजायची फळीसुद्धा काकांनीच करून आणली होती. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांचा गाववाला होता. त्याच्याकडून सागवानी फळी, त्यावर पितळी पट्टी, फक्कड काम. ही फळी घेऊन आम्ही एकदा आरे कॉलनीतल्या एका शाळेत तपासणीला गेलो. पाड्यावरची एक मुलगी भिंतीशी हात पसरून उभी राहायला तयार होईना, भोकाडच पसरलं तिने. काका तिच्यापुढे उकिडवे बसले. "घाबरतंस कित्याक गो? बघ, आधी माझां माप घेतंय." आणि उठून फळीला पाठ लावून त्यांनी दोन्ही हात पसरले. दोन्हीकडे पंजे फळीच्या बाहेर गेले. मुलगी रडायची थांबून हसायला लागली. मग काकांनी अंगठा तळव्यात दुमडून मूठ मिटली, तर अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर आलं. "बघ, माझा अंगठा घरात मावत नाय." सगळी पोरं हसली. मी पण हसले, म्हणाले, "काका, तुमच्यासाठी नवी फळी आणावी लागेल."

आजार ओळखायच्या ज्या दोन खुणा मी रुग्णांत शोधत होते, त्या दोन्ही त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवल्या होत्या. तेव्हाच नव्हे, त्यानंतरही प्रत्येक रडणाऱ्या पोरासाठी. आणि मी प्रत्येक वेळी हसले. जो माप घेतो त्याचं माप घ्यायचं असतं, हे माझ्या मनातही आलं नाही.

रक्ताने मात्र सांगून पाहिलं. नंबर एकचे आकडे सारखे रुग्णांच्या बाजूला झुकायचे. आमच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना आम्ही मॅडम म्हणत असू, वही बघून वैतागायच्या. "परब, हे तुमचं रक्त आहे की पेशंटचं? औषधं खराब आली असणार." तीन बाटल्या रसायन आम्ही मोरीत ओतलं. नव्या बाटल्या आल्या, तरी आकडे तेच. काका स्वतःच ओशाळून म्हणाले, "माझी काच नीट ओढली गेली नसेल, मॅडम." सात वर्षांत त्यांनी आपली काच बिघडल्याचं कबूल केलं ते एवढंच, आणि ते खरं नव्हतं.

गणपतीला गावी जाऊन आले त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी ते आले ते जरा वाकून, घामाघूम. "पाठीत चमक मारली," म्हणाले, "काल पाण्याचे हंडे उचलले, उसण भरली असेल." मी त्यांना आडवं केलं, ईसीजी काढला. कागदाची पट्टी हातात धरून दोनदा पाहिली. काही दोष नव्हता. धमनीची भिंत आतून फाटायला लागली तरी कागदावर बऱ्याचदा काहीच उमटत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. "नॉर्मल आहे, काका," मी म्हणाले. त्यांनी शर्टाची बटणं लावली. "म्हणजे अजून नॉर्मलच ना मी?" "एकदम. घरी जा, शेका, उद्या येऊ नका." दारात थांबून त्यांनी सांगितलं की रंगात घातलेल्या काचा दहा मिनिटांनी बाहेर काढायच्या आहेत, विसरू नका. मग ते घाटकोपरच्या बसला गेले. दुपारी चारच्या सुमाराला ते घरी कोसळले.

शवविच्छेदनाचा अहवाल मॅडमच्या हातात आला तेव्हा मी समोर होते. त्यांनी तो वाचला, मला दिला, मग कपाटातून सातही वह्या काढल्या आणि लाल पेन घेऊन पानोपानी 'नॉर्मल १' खोडायला बसल्या. संध्याकाळपर्यंत त्या खोडत होत्या. सगळा अभ्यास नव्याने करावा लागणार होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला त्या लाल रेघा बघवत नव्हत्या. मी मोरीपाशी जाऊन रडले.

त्यांची मुलगी सुलभा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, तेव्हा तिला तपासणं भाग होतं, आणि ते सांगायला मलाच जावं लागलं. भटवाडीच्या डोंगरावर, चाळीच्या शेवटच्या खोलीत. काकूंनी पाट दिला, पाणी दिलं. मी समजावून सांगत होते आणि माझ्या मागे उभी असलेली ती मुलगी किती उंच आहे, हे मान न वळवताही मला कळत होतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "तुमी ह्याच रोगाचा काम करी होतास मां?"

"हो."

"आणि ह्ये रोज तुमच्या समोर."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पदराने जमिनीवर सांडलेलं पाणी टिपलं आणि मुलीला म्हणाल्या, "जा गो ह्यांच्यावांगडा."

हृदयाचं चित्र दाखवणारी यंत्रं तेव्हा मुंबईत मोजकीच होती. सुलभाची धमनी रुंदावलेली निघाली, पण ते वेळेत कळलं. गोळ्या सुरू झाल्या, पुढे काही वर्षांनी शस्त्रक्रियाही झाली. आज ती वडिलांच्या वयापेक्षा मोठी आहे. दर वर्षी तपासणीला मी तिच्याबरोबर जाते. तपासणीला बोलवायला मी घरी आले म्हणून आपण वाचलो, असं ती चारचौघांत सांगते आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं होतं.

कारण एक गोष्ट मी तिला इतक्या वर्षांत सांगू शकलेले नाही. काका जायच्या आधी दोनेक महिन्यांची दुपार होती. ते पाठमोरे उभे राहून काचा धूत होते, मी सूक्ष्मदर्शकावर पेशी मोजत होते. मोजताना बोलायचं नाही, आकडा चुकतो, हा नियम त्यांनीच मला शिकवलेला. तरी त्या दिवशी त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हा आजार बापाकडून मुलीत येतो काय?"

मी डोळा न काढता हात वर केला, थांबा. मोजणी संपेपर्यंत ते थांबले. मग मी म्हणाले, "साधारण निम्म्या मुलांत येतो. का, कोणाचा फॉर्म आहे?"

त्यांना तेव्हाच कळलं होतं. ते स्वतःसाठी विचारत नव्हते, तिच्यासाठी विचारत होते, आणि मी एकदा मान वळवून बघावं एवढंच त्यांना हवं होतं.

"कोणाचा नाय," ते म्हणाले. "असंच."

मी वहीत आकडा लिहिला आणि पुढची काच घेतली.