सगळ्या टर्मिनलवर तिचंच नाव

तपास फत्ते होऊनही जी घटना मी कधी हौसेने सांगितली नाही, ती ही. आजही आठवली की वाईट वाटतं.

तेव्हा मी पनवेलला पोलीस निरीक्षक होतो. न्हावा शेवा बंदरातून निघालेले कंटेनर कर्नाळ्याच्या आसपास लुटले जात होते. कळंबोलीचा खबरी म्हणाला, "साब, गाडी निकलने से पहले उनको नंबर मिल जाता है." लुटलेल्या सगळ्या मालाची कामं नवीन पनवेलच्या एकाच क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे बंदरातून माल सोडवून देणाऱ्याकडे होती. म्हणजे बातमी तिथूनच फुटत होती.

ऑफिसचा मालक असलेल्या या एजंटच्या मते तपासाची गरजच नव्हती. ऑफिसचा सर्व्हर युनिक्सचा, सगळे टर्मिनल त्या एकाच मशीनला जोडलेले. त्याची बाहेरच्या एका अनोळखी मशीनशी जोडणी चालू असलेली त्याने पाहिली होती. त्या वेळी लॉगिन एकच होतं, उरणच्या कोळी घरातल्या ऑपरेटर मुलीचं. सगळ्या स्टाफसमोर बोट दाखवून तो म्हणाला, "हीच ती. घेऊन जा हिला."

महिला हवालदार सोबत घेऊन मी ठाण्यात तिची चौकशी केली. ऑफिसात नोकरी करणारी ती घरातली पहिलीच. दरडावलं, उलटसुलट विचारलं.

"मी नाय केलं, साहेब. सकाळी पहिली मीच येते. सगळे टर्मिनल माझ्या पासवर्डनं चालू करून ठेवते, कुणाचं काम अडायला नको म्हणून. मालकांनीच सांगितलंय तसं."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो. तिने काहीच सुधारलं नाही. मी सायबरच्या हवालदाराला तिच्या ऑफिसात पाठवलं. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"सर, जोडणी आत्ताही चालू आहे. मुख्य पासवर्ड टाकून lsof ही कमांड चालवली, तेव्हा ती कुठल्या प्रोसेसने धरलीय ते दिसलं. लॉगिन तिचंच आहे."

मुलगी माझ्यासमोर बसली होती. मी विचारलं, "प्रोसेस सुरू कुठून झाली?"

"तेही काढलं सर. मालकांच्या केबिनमधल्या टर्मिनलवरून. इथे त्यांचा पुतण्या बसलाय."

पुतण्याने फार वेळ घेतला नाही, गाड्यांचे नंबर लुटारूंना तोच पाठवत होता हे कबूल केलं. मालक हात जोडून म्हणाला, "घरातलं पोर आहे साहेब, नाव बाहेर नको." माझं डोकंच फिरलं. मुलीचं नाव घेताना हा विचार कुठे गेला होता? मी पुतण्यावर गुन्हा नोंदवला आणि मालकाला सांगितलं, त्याच स्टाफसमोर तिची माफी माग. तो हो हो म्हणाला आणि त्याने केबिनचं दार लावून घेतलं.

या प्रकरणात मी एवढंच शिकलो की मशीन लॉगिनचं नाव सांगतं, खुर्चीत कोण बसलं होतं ते आपल्यालाच उठून बघावं लागतं. पण बघूनही सगळं निस्तरता येत नाही.

पुढे एकदा पनवेलच्या मच्छी बाजारात ती आईशेजारी बसलेली दिसली. कामावर परत गेलीच नव्हती. मला ओळखून तिने विचारलं, "साहेब, तो सगळा स्टाफ अजून तिथंच हाय?"

"आहे."

"त्यांना कोणी सांगितलं का, मी नव्हते म्हणून?"

मी पिशवी पुढे केली. तिने खाली मान घातली आणि मी घेतलेली मासळी साफ करायला घेतली.