ब्रिस्टलची माय

बस ब्रिस्टलच्या स्थानकात शिरली तेव्हा मी काचेतून माझ्या मुलीला शोधत होते. दिसली ती हिरव्या रेनकोटातली एक अनोळखी मुलगी. तिच्या हातातल्या पुठ्ठ्यावर चित्र काढावं तसं देवनागरीत 'आई' लिहिलेलं होतं. रेवती विमानांचे पंख बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिला ऐनवेळी सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिने घरात सोबत राहणाऱ्या मैत्रिणीला पाठवलं होतं.

"मी माय," ती मुलगी म्हणाली आणि तिने माझी पिशवी दोन्ही हातांनी घेतली.

मला हसू आलं. आमच्याकडे माय म्हणजे आई, हे सांगितल्यावर तीही हसली. मग तिने थेट माझं वय विचारलं. त्यांच्या भाषेत समोरच्याचं वय कळल्याशिवाय हाकच मारता येत नाही म्हणे. मी तिच्या आईहून मोठी निघाले, त्यामुळे मी 'बाक' (आईवडिलांहून मोठ्या माणसाला मारायची हाक) ठरले. पुढचे तीन आठवडे मी तिला आई म्हणत होते आणि ती मला बसायचं बाकडं.

घरी जाताना सिटी बसमधून उतरण्याआधी माय मोठ्याने ओरडली, "चीअर्स, ड्राइव्ह!" (ब्रिस्टलकर ड्रायव्हरचे आभार असे मानतात.) पुढे तिच्याविषयी जे कळलं, त्यामुळे तो खणखणीत आवाज माझ्या चांगलाच लक्षात राहिला.

माय व्हिएतनामच्या दक्षिणेकडच्या कान थो शहरातली. तिच्या आईचं नदीकाठी तांदळाच्या शेवयांचं छोटं दुकान आहे. ती इथे बिझनेसचं शिक्षण घ्यायला आली होती. पहिल्याच दिवशी तिने फोडणीत 'न्योक माम' (माशांचा आंबवलेला रस) घातला आणि रेवतीने धावत जाऊन खिडक्या उघडल्या. मी मात्र रत्नागिरीची. सुकटीच्या वासात वाढलेल्या बाईला त्या वासाचं काय? मी दोनदा भात घेतला आणि आमची गट्टी जमली.

"आई, ती परत जायचं म्हणतेय," रेवतीने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "टर्म संपली की कोर्स सोडणार. तू बोल ना तिच्याशी."

मी दातांची डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावण्यात माझा जन्म गेलाय. क्लिफ्टनच्या झुलत्या पुलावर, खाली दरीतली चिखलाळ नदी बघताना मायने आपणहून सांगितलं. तिच्या गावी शिक्षक विचारतील तेव्हाच बोलायचं, आणि दुसरा बोलत असताना तर मुळीच नाही. इथे वर्गात सगळे एकमेकांच्या वाक्यात वाक्य घुसवतात. ती मनात इंग्रजी वाक्य नीट जुळवून घेते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. पहिल्या टर्मला सरांनी शेरा मारला होता की तिला या विषयात रस दिसत नाही. त्या शेऱ्यावर ती आठवडाभर रडली होती.

आता शेवटचं गटकाम होतं. सॉमरसेटमधल्या एका बागेत सायडर (सफरचंदाच्या रसाची दारू) बनतो, तो परदेशात कसा विकावा हे मालकिणीसमोर मांडायचं. गटाने देश निवडला तो नेमका व्हिएतनाम. गटाचा म्होरक्या ऑलिव्हर, गोड स्वभावाचा पण अखंड बोलणारा मुलगा. त्याने उंची हॉटेलांसाठी महागड्या बाटल्यांची योजना आखली होती आणि मायकडे शेवटी आभार मानण्याचं काम दिलं होतं.

"योजना बरोबर आहे का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण त्यांनी विचारलं नाही."

बाग बघायला गटातलं कुणीच गेलं नव्हतं, वेबसाइट पुरे असं त्यांचं म्हणणं. मायला जायचं होतं, म्हणून शनिवारी आम्ही दोघी निघालो. गप्पांच्या नादात एक गाव आधीच उतरलो. पुढची बस बराच वेळ नव्हती. दोन्ही बाजूंना उंच कुंपणांच्या अरुंद रस्त्याने चालत राहिलो. माझे बूट चिखलात रुतले, एका वळणावर मेंढ्यांनी वाट अडवली. आणि मग उतारावर अख्खी बाग दिसली, पांढऱ्या-गुलाबी फुलांनी डवरलेली. माय वाटेतच थांबली. तिचं नाव फुलाचंच. त्यांच्या नववर्षाला दारोदारी फुलणारं ते पिवळं फूल यंदा तिला बघायला मिळालं नव्हतं.

मालकीण जॅनेट गमबूट घालूनच सामोरी आली. सत्तरीची, दिलखुलास हसणारी बाई. तिने पिंपातून दोन पेले भरले. मी एक घोट घेतला आणि आमसुलाच्या पाण्याची आठवण झाली. मायने हळूच बर्फ मागितला.

"माझ्या सायडरमध्ये बर्फ?" जॅनेटने कपाळाला हात लावला.

मग माय जी बोलायला लागली! तिच्या गावच्या उकाड्यात संध्याकाळी लोक फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसतात, बिअरमध्ये बर्फाचे खडे टाकतात, सोबत भाजलेले शिंपले आणि शेंगदाणे. एकटं कुणी पीत नाही. जॅनेटने घरातून बर्फ आणला, चाखून बघितलं आणि आणखी एक खडा टाकला.

परतताना मी मायला म्हटलं, हेच सगळं गटाला सांग. तिने सांगितलंही. ऑलिव्हर म्हणाला की आता सगळं तयार झालंय, उशीर झाला.

सादरीकरणाच्या दिवशी मी तिला सोडायला विद्यापीठात गेले. दारात जॅनेट भेटली आणि दंडाला धरून मला आत घेऊन गेली. मी मागच्या रांगेत बसले. ऑलिव्हर छान बोलला. चकचकीत हॉटेलांची चित्रं दाखवून झाली. मग जॅनेटने विचारलं, "पण माझा सायडर तिथे नक्की कोण पिणार?"

ऑलिव्हरने पुन्हा हॉटेलांचं सुरू केलं. माय उभी राहिली.

"माफ कर ऑलिव्हर, मी मध्येच बोलतेय," ती म्हणाली. मग ती जॅनेटकडे वळली. "जॅनेट, हॉटेलांत तो कुणी पिणार नाही. माझे काका पितील, फुटपाथवर बसून, बर्फ घालून. बाटली छोटी हवी आणि स्वस्त हवी."

सर पुढे झुकले आणि त्यांनी तिला प्रश्न विचारला. मग आणखी एक. ती अडखळत होती, शब्द शोधत होती, पण थांबत नव्हती. आभार मानायचे राहूनच गेले.

बाहेर आल्यावर ऑलिव्हरचा चेहरा उतरला होता. हे आधी का नाही सांगितलंस, असं तो म्हणाला.

"सांगितलं होतं," माय म्हणाली. "तू बोलत होतास."

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने सगळ्यांना कॉफी पाजली आणि अख्ख्या कॉफीभर, मोठ्या कष्टाने, गप्प बसला.

मार्क काही फार मिळाले नाहीत. मायचं म्हणणं आणि गटाची चित्रं यांचा मेळ बसत नाही, असं सर म्हणाले आणि ते खरंच होतं. पण सगळे पास झाले. जॅनेटने मायला सफरचंदं उतरवायच्या वेळी बागेत यायचं आमंत्रण दिलं. ती वेळ शरद ऋतूतली, म्हणजे तोवर मायला इंग्लंडातच राहणं भाग होतं. "तिला येते म्हणून सांगितलंय," ती त्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली. रेवतीने माझ्याकडे बघितलं. कोर्स सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

रत्नागिरीला परतल्यावर लोकांनी लंडन कसं आहे विचारलं. मी लंडन पाहिलंच नव्हतं. माझ्या इंग्लंडात एक चिखलाची वाट होती आणि त्या वाटेवर माझ्या पुढे चालणारी एक मुलगी. चार वाक्यं बोलायला तिला किती लांब यावं लागलं, याचा मी अजून विचार करते.

गेल्या रविवारी मायने व्हिडिओ कॉलवर तिच्या आईला जोडून घेतलं. मागे शेवयांची वाफ, कपाळावर घामाचे थेंब. ती माउली बराच वेळ बोलली, मला एक अक्षर कळलं नाही.

"ती विचारतेय, मी नीट जेवते का, आणि तिथे माणसांशी बोलते का," माय म्हणाली.

"जेवते म्हणावं," मी म्हटलं. "आणि बोलते. आता तर दुसऱ्याचं वाक्य तोडून बोलते."

माय लाजली. आईला हे कसं सांगावं, असा तिला प्रश्न पडला असावा. मग तिने सांगून टाकलं. पलीकडे आईने हातातला झारा खाली ठेवला, आधी लेकीकडे रागावून बघितलं, आणि मग तोंडावर पदरासारखा गमछा धरून इतकी हसली, की दुकानातली गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली.