निशिगंधाची बिनशब्दांची सीडी

निशिगंधा शिगवणने २००६ साली स्वतःची सीडी काढली, तेव्हा शांती नगरातल्या तिच्या इमारतीत सगळ्यांना एकच प्रश्न पडला: हिच्यात गाणं कुठाय? सात तुकडे, चाळीस मिनिटं, आणि शब्द म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. शेजारच्या मिनलबेननी कौतुकाने अर्धी सीडी ऐकली आणि विचारलं, "बेटा, इसमें गानेवाली कब आएगी?"

"आंटी, नहीं आएगी."

तरीही मिनलबेन शेवटपर्यंत वाट बघत बसल्या, हा त्यांचा मोठेपणा.

पोरगी दिवसभर लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. नवरदेवांची आणि त्यांच्या काका-मामांची नावं टाइप करून जीव विटला, की घरी येऊन दुसऱ्या कॉम्प्युटरपुढे बसायची. हा दुसरा जुना होता. तापला की बंद पडायचा, म्हणून त्याचं झाकण काढून घरातला टेबलफॅन त्याच्यावर सोडलेला, आणि घरची माणसं घामाघूम. छोटा कीबोर्ड जोडायचा, हवे तसे इलेक्ट्रॉनिक आवाज निवडायचे, एकावर एक थर चढवत जायचं. शिकवणारं कोणी नव्हतं. चुकतमाकत सहा तुकडे झाले. सातव्यात तिला बाबांचा मृदंग हवा होता.

बाबा, म्हणजे धाकू शिगवण, संगमेश्वराकडचे. गणपतीत गावाला जाखडीचा नाच उभा राहिला की मृदंग त्यांचाच. संथ सुरू झालेली चाल ते अशी चढवत न्यायचे की गोलात नाचणाऱ्यांची दमछाक व्हायची, पण पाय थांबायचे नाहीत. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मात्र त्यांनी अठ्ठावीस वर्षं पॉलिशच्या मशीनवर काढली आणि बोटं बधिर व्हायला लागली. तीन वर्षांपूर्वी मृदंग माळ्यावर गेला. "हात गेला," एवढंच म्हणाले आणि विषय संपवला.

लेकीने महिनाभर मस्का लावला तेव्हा कुठे एका रविवारी दुपारी ते राजी झाले. आईने, अनसूयाबाईंनी, मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायला कणीक भिजवून दिली. खिडकीला गोधडी टांगली, पंखा बंद, कुकर बंद. निशिगंधाने बाबांच्या कानाला हेडफोन लावला. त्यातून कॉम्प्युटरचा ठोका टिकटिकायला लागला.

"ह्ये घड्याळ काढ आदी," बाबा म्हणाले.

काढलं. साडेपाच मिनिटं ते वाजवत राहिले आणि घाम पुसत उठले तेव्हा चेहरा खुलला होता.

आता घोटाळा असा, की निशिगंधाचे सूर एका ठरलेल्या लयीत बांधलेले, आणि बाबांची चाल चढत गेलेली. दोन्ही जुळेनात. मग या हुशार मुलीने मृदंगाची एकेक थाप कापून कॉम्प्युटरच्या मात्रेवर नेमकी नेऊन बसवली. दोन संध्याकाळी खपल्या. आणि ते सगळं मूळ फाइलवरच सेव्ह केलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

बाबांनी मोठ्या उत्साहाने ऐकायला घेतलं. दोनेक मिनिटांनी विचारलं, "ह्ये कोन वाजवतंय?"

"तुम्हीच, बाबा."

"मी न्हाय. माजा हात चुकला म्हनून तू सरळ केलंस. बरोबर हाय तुजं. मी सांगितलं व्हतं, हात गेलाय." त्यांनी उठून मृदंगाला खोळ घातली.

निशिगंधाला रडूच फुटलं. हात चुकला नव्हता. चाल चढली होती, जशी चढायला हवी तशीच. पण त्याचा पुरावा तिनेच पुसून टाकलेला, आणि तोंडी सांगितलेलं बाबांना पटेना. लेक बापाची समजूत घालतेय, एवढंच त्यांना दिसत होतं. आठवडाभर घरात कामापुरतं बोलणं.

पुढच्या रविवारी ती नुसता कीबोर्ड घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली. "कॉम्प्युटर बंद आहे, बाबा. तुम्ही वाजवा, मी कीबोर्डवर साथ धरते. हात गेलाच असेल, तर मला सोपंच जाईल."

टोमणा वर्मी लागला. खोळ निघाली. चाल संथ होती तोवर निशिगंधा मजेत होती. ती चढली, तशी तिची बोटं मागे पडली आणि शेवटी थांबलीच.

"ऱ्हायलीस मागं," बाबा म्हणाले. "परत."

दुसऱ्यांदाही तेच. "हाताकडं काय बगतंस? खांद्याकडं बग. हाताच्या आदी खांदा चढतो."

चौथ्या खेपेला ती शेवटपर्यंत टिकली. घामाने दोघं निथळत होते. हात गेल्याची गोष्ट बाबांनी काढली नाही, आणि तिनेही नाही.

तसंच मग रेकॉर्डिंग झालं. या वेळी तिने मृदंगाला हातही लावला नाही. सरकायचंच असेल तर कॉम्प्युटरने सरकावं, असं ठरवून तिने त्याची एकेक मात्रा बाबांच्या थापेखाली आणून बसवली. तीन आठवडे लागले. पहिल्या सहा तुकड्यांत आपल्याला येत होतं ते सगळं टाकलंय, हे तिला कळत होतं. सातव्यासाठी शिकावं लागलं, आणि याचा तिला फार आनंद होता.

सीडी तयार झाल्यावर बाबांनी स्वतः फोन करून जवळच्या काशीगावातून सदूकाकांना बोलावून घेतलं. सदूकाका म्हणजे गावच्या नाचातले त्यांचे जुने साथीदार. पहिले सहा तुकडे काकांनी भिडेखातर ऐकले. सातवा लागला आणि बसल्या जागी त्यांचे पाय लादीवर पडायला लागले. चाल चढली तसे ते उभेच राहिले.

"धाक्या," संपल्यावर धापा टाकत ते म्हणाले, "हात हाय तसाच हाय की रं तुजा! कुटं चढवलीस!"

निशिगंधा चहा घेऊन दारातच थबकली. बाबांनी आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले.

"चढवली खरी," ते म्हणाले आणि दारातल्या लेकीकडे त्यांनी मान केली. "पन ही मागं सुटली न्हाय."