फक्त मुख्य विषयाचे गुण

विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर अर्ज दिला की कॅल्क्युलेटर लागत नसे. गुणपत्रिका काचेखालून आत सरकायची, आतली बाई वरून खाली एकदा नजर फिरवायची, "चोपन्न पूर्णांक पंचवीस" म्हणायची आणि पुढच्या कागदाकडे वळायची. नवखी मुलं बाहेर उभी राहून मोबाइलवर पडताळा घ्यायची आणि तोंडात बोट घालायची. म्हणून तिचं नाव पडलं टक्केबाई. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

विज्ञानाच्या एम.एस्सी.ला काय काय लागतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. ज्या विषयात एम.एस्सी. करायची तो पदवीच्या शेवटच्या वर्षाला मुख्य विषय असला पाहिजे. त्या मुख्य विषयात निदान पन्नास टक्के हवेत, एकोणपन्नास पूर्णांक नव्व्याण्णव चालत नाहीत. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा, आणि फोटो सहा महिन्यांच्या आतला. पदार्थविज्ञानात पहिले आलेले लोक या शेवटच्या अटीला अडखळतात. कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून आणतात, आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात तसाच राहिलेला असतो. असे अर्ज ती परत करायची आणि एवढ्याशा फोटोपायी त्यांचे रांगेतले चार तास वाया गेले म्हणून स्वतःच हळहळायची.

तिचं पोट तुटायचं ते मात्र वेगळ्याच कागदावर. प्रवेश संपले की कोणत्या केंद्रात किती जागा भरल्या त्याचा तक्ता तिलाच करावा लागे. विद्यापीठाचं एक केंद्र पाच तासांवर, समुद्रकाठी होतं, आणि वनस्पतिशास्त्रातली शैवालांची शाखा फक्त तिथेच होती. दहा जागा. कधी चार भरायच्या, कधी तीन. शेवाळ शिकायला कोण जातंय तडफडत? उरलेल्या जागांपुढे ती 'रिक्त' असं टाइप करायची. एकदा, दोनदा, सहादा. ते टाइप करताना तिची बोटं जड व्हायची आणि शेजारच्या खिडकीवरचा सहकारी, ज्याला सगळे शिक्का म्हणत, विचारायचा की आज डोकं दुखतंय का.

डोकं दुखत नसे. तिला त्यातली एक जागा हवी होती. बावीस वर्षांपासून हवी होती.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला एका मॅडमनी वर्गाला डबक्यातल्या पाण्याचा थेंब भिंगाखाली दाखवला होता. बाकीच्यांनी पाहिलं आणि डब्याची वेळ झाली म्हणून पळाले. ती तिथेच. हिरव्या धाग्यात गोल गोल फिरलेली पट्टी, जिन्यासारखी, आणि तिच्यात काहीतरी हळूहळू हलतंय. त्या दिवसापासून तिला डबकं दिसलं की पाय थांबायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिच्या काचेच्या बाटल्या असायच्या आणि बाटल्यांत हिरवं पाणी. शेजारीण विचारायची, मासे मेले का गं? मासे नव्हतेच कधी. चव्वेचाळीस वर्षांची बाई सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे वाकून भिंगातून काय बघते, याचं उत्तर इमारतीत कुणाकडेही नव्हतं आणि तिने ते कुणाला दिलंही नव्हतं.

घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबा याच कार्यालयातून निवृत्त झाले होते, तेही याच खिडकीवरून. त्यांना लोक नियमकाका म्हणत. नियमाचं कलम, पोटकलम, कोणत्या पानावर आहे, सगळं तोंडपाठ. त्यांची एक खोड होती. शंका आली की ते पुस्तक उघडत, नियम वाचत, जांभळ्या शाईने त्याखाली रेघ मारत आणि कडेला तारीख घालून सही करत. म्हणजे त्या दिवशी तो नियम त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, याचा पुरावा. कार्यालयात त्यांची थट्टा व्हायची, पण अडलं की सगळे त्यांच्याकडेच धावत.

आई गेली ती हिच्या शेवटच्या वर्षाला. दुय्यम विषयांचे पेपर तिने कसेबसे दिले. निकाल लागला तेव्हा आठशेपैकी तीनशे चौऱ्याण्णव. बाबांनी गुणपत्रिका हातात घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, उद्या कार्यालयात नियम बघून सांगतो. दुसऱ्या दिवशी ती दुपारपासून दाराशी होती. बाबा आले, चपला काढल्या, पाणी मागितलं. मग म्हणाले, "नाही जमत गं. एकूण पन्नास लागतात. तुझे एकोणपन्नास पंचवीस होतात."

पाऊण टक्क्याने गेलं. सहा गुण. ती रडली, पण वाद घातला नाही. नियमकाकांशी नियमावरून वाद कोण घालणार? गुणपत्रिका पाकिटात गेली, पाकीट ट्रंकेत गेलं. पुढे ती परीक्षा देऊन त्याच कार्यालयात लागली. आधी आस्थापना शाखेत लोकांच्या रजा मोजल्या, आणि सहा वर्षांपूर्वी खिडकी तीनवर आली. तेव्हा तिला दिसलं की नियमात एकूण गुण नाहीत, मुख्य विषयाचे आहेत. जेवताना तिने बाबांना विचारलं की हा नियम कधी बदलला. आमच्या वेळी एकूण धरायचे, ते म्हणाले आणि मीठ मागितलं. तिला वाटलं, आपलं नशीब, काही वर्षं आधी जन्मलो.

यंदा अर्ज सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई खिडकीवर आली. तिच्याच वयाची, पदवीही त्याच वर्षाची. एकूण अठ्ठेचाळीस टक्के, मुख्य विषयात एकसष्ट. बाईने आधीच हात जोडले होते. सगळे म्हणतात मिळणार नाही, पण एकदा विचारावं म्हणून आले, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. एवढ्या जुन्या पदवीचं एक वेगळंच त्रांगडं असतं. पदवी ज्या वर्षाची, त्या वर्षाचा नियम लावायचा. टक्केबाईला तो नियम ठाऊक होता, म्हणजे बाबांनी सांगितला होता. त्या हिशेबाने ही बाई बाद. पण समोर माणूस ताटकळत उभं असताना ऐकीव गोष्टीवर 'अपात्र' लिहायचं तिच्या हाताला जमेना. तिने बाईला बाकावर बसवलं आणि तळघरातल्या अभिलेख कक्षात गेली.

त्या वर्षाची नियमपुस्तिका तिसऱ्या कपाटात, दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात होती. धूळ झटकून तिने पान काढलं. एम.एस्सी., पात्रता, कलम चार. 'पात्रतेसाठी फक्त मुख्य विषयाचे गुण विचारात घ्यावेत.' नियम बदललेलाच नव्हता. आणि त्या ओळीखाली जांभळी रेघ होती. कडेला सही, आणि तारीख.

ती तारीख तिला कुणी सांगायला नको होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशीची.

ती तिथेच लोखंडी शिडीच्या पायरीवर बसली. मुख्य विषयात तिला चारशेपैकी दोनशे एक्कावन्न होते. बासष्ट पूर्णांक पंचाहत्तर. हे टक्के आयुष्यात पहिल्यांदा तिने काढले, आणि पहिल्यांदाच तिला काढायला वेळ लागला. मग ती उठून वर आली, औषधवाल्या बाईच्या अर्जावर 'पात्र' लिहिलं आणि बाई रडायला लागली तेव्हा तिला पाण्याचा ग्लास दिला. उरलेले सतरा अर्ज तिने नेहमीसारखे तपासले. एकही चूक केली नाही.

घरी आली तेव्हा बाबा खुर्चीत शब्दकोडं सोडवत होते. तिने पुस्तिका त्यांच्या मांडीवर ठेवली, पान उघडून. बाबांनी चष्मा लावला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बोटाने त्यांनी ती जांभळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत होतं."

मग ते आपणहून बोलले. "तुझी आई जाऊन सहा महिने झाले होते. कामावरून आलो की तू दार उघडायचीस. तू गेली असतीस तर मला कुलूप उघडून या घरात शिरावं लागलं असतं. ते मला झेपणार नव्हतं. म्हटलं, एक वर्ष थांबू, पुढच्या वर्षी सांगू." पुढच्या वर्षी जीभ रेटली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिला नोकरी लागली, आणि त्यांनी स्वतःची समजूत घातली की पोरगी विसरली असेल.

"मी एक दिवस विसरले नाही, बाबा."

"खिडकीतल्या बाटल्या दिसतात मला," ते म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, दोघांनाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि भाजी चिरायला घेतली. राग होता, भरपूर होता. पण त्या रागाच्याही वर चढून बसली होती ती जुनी इच्छा. बावीस वर्षं हिला आपण उपाशी ठेवलं आणि ही तर ठणठणीत आहे, याचंच तिला जास्त आश्चर्य वाटत होतं. समुद्र तिने दोनदाच पाहिला होता. ओहोटीला उघडे पडणारे खडक, त्यांवर चिकटलेलं हिरवं, तपकिरी, लालसर काहीतरी, ज्याची नावं तिला येत नव्हती. ती नावं तिला हवी होती. भाजी चिरता चिरता तिने मोजलं, अर्जाची शेवटची तारीख परवाची होती.

अध्ययन रजा तिची हक्काची होती, एकदाही न वापरलेली. खालच्या मजल्यावरच्या आत्तेबहिणीने बाबांच्या दोन्ही वेळच्या जेवणाचं अंगावर घेतलं. फोटोही तिने नवा काढून घेतला, अटीप्रमाणे. आदल्या दिवशी संध्याकाळी अर्ज भरून झाला, फक्त एक रकाना राहिला. 'शिक्षणात खंड पडला असल्यास कारण.' छापील ओळ बोटभर लांबीची. घरातल्या कुणा जबाबदार माणसाने लिहून सही केली तरी चालते, अशी खाली सूचना. तिने अर्ज बाबांपुढे ठेवला. दोन दिवसांत ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली होती.

"हे तुम्ही लिहा," ती म्हणाली.

बाबांनी पेन घेतलं. अक्षर तेच, कार्यालयातलं, एकसारखं. त्यांनी लिहिलं, 'अर्जदार पात्र होती. वडिलांनी खोटं सांगितलं.' खाली सही केली. मग अर्ज तिच्याकडे सरकवून ते म्हणाले, ओळीच्या थोडं बाहेर गेलंय, चालेल का बघ. तिने चालेल म्हटलं.

स्वतःचा अर्ज स्वतः तपासता येत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी ती काचेच्या बाहेरच्या बाजूला, रांगेत उभी राहिली, खिडकी दोनपुढे. तिच्यापुढे अकरा मुलं होती आणि मागे वीसेक. शिक्क्याने तिला पाहिलं आणि आधी थट्टा समजला. मग गुणपत्रिका पाहिली, कॅल्क्युलेटर काढला, दोनदा आकडे दाबले. खंडाच्या रकान्यावर तो अडला. त्याने नियमकाकांच्या हाताखाली काम केलं होतं, ती सही त्याला ओळखू येत होती.

"बाई, इथं सगळे 'घरगुती कारण' लिहितात. दुसरा अर्ज देऊ का?"

"नको. तसंच राहू दे."

त्याने अर्ज परत स्वतःकडे वळवून घेतला. शिक्का मारला, पोच फाडून दिली. शैवालांच्या शाखेच्या दहा जागांना तोवर तीनच अर्ज आले होते, त्यामुळे यादीची वाट बघण्यासारखं काही नव्हतंच. जागा तिची झाली होती.

ती बाहेर पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. पोच घडी करून पर्समध्ये ठेवली, पुन्हा काढून वाचली. आता हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, नाहीतर ते छातीत मावलं नसतं. आणि लहानपणापासून प्रत्येक निकाल, प्रत्येक बक्षीस, चांगलं काहीही झालं की तिने ते धावत जाऊन ज्याला सांगितलं होतं, असा माणूस जगात एकच होता. तिला त्याचा राग आलेला होता. तिने फोन लावला.

"बाबा, मिळाला प्रवेश."

पलीकडे शब्दकोड्याचा कागद बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, छान झालं. आणि त्यांनी विचारलं, "दोन वर्षांचा असतो ना अभ्यासक्रम?"

"दोन वर्षांचा."

"मग परत येशील?"

समुद्रकाठच्या त्या केंद्रात एम.एस्सी.नंतर संशोधनाला घेतात, हे तिने तीन दिवसांत चारदा वाचलं होतं. वाचताना तिच्या मनात परतीचा विचार एकदाही आला नव्हता. या शहरात, या खिडकीवर, त्या दारात ती पुन्हा राहायला येणार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"येईन की, बाबा," ती म्हणाली. इतकं सहज सांगता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.