म्हशीचा आवाज

परदेशातून आलेल्या कार्टूनमधल्या प्राण्यांना मराठी बोलायला लावणं, हे माझं काम. खार, बेडूक, ढगाचं रडकं पिल्लू, चार वर्षांचा हट्टी मुलगा, असं बरंच काही मी आजवर झाले. बालगीतंही पुष्कळ गायली. पण लोक मला ओळखतात ते एका म्हशीमुळं. ही म्हैस खेड्यातून शहरात आलेली आहे. तिला लिफ्ट कळत नाही, आरसा कळत नाही, आणि दर दोन मिनिटांनी ती कशाला तरी घाबरून ‘अगं बया बया बया’ म्हणते. पोरं हसून लोळतात. तो आवाज माझ्या आत्याचा आहे. जिथं हे सांगायला हवं होतं तिथं मी खोटं बोलले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडं आली ती कायमचीच. आमचं गाव मराठवाड्यातलं, कळंब तालुक्यातलं. आईवडील दोघं सकाळीच कामाला जायचे, त्यामुळं मला आणि धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. पुढं ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, आणि जेवणानंतर गोष्ट सांगायची. गोष्ट सांगणं खरं तर सेविकाबाईंचं काम होतं, पण पोरं आत्यालाच धरून बसायची.

आत्याला वेगवेगळे आवाज काढता येत नव्हते. वाघ असो की मुंगी, तिच्या गोष्टीत सगळे आत्यासारखंच बोलायचे. बोलण्याआधी ती एक लांब श्वास आत ओढायची. मग आवाज खालून निघायचा, मधेच फाटायचा आणि वर जाऊन बारीक व्हायचा.

“सांगू का? न्हाय बाई, तुमी भिताल.”

“न्हाय भीत!” तीसेक पोरं ओरडायची.

“लई मोठ्ठा व्हता बरं का. अगं बया बया बया, त्याचं त्वांडच म्या सांगत न्हाय.”

आणि पोरं खरंच भ्यायची. एकमेकांच्या अंगावर सरकून बसायची. मीही त्यांच्यात बसलेली आहे, त्यामुळं मला ठाऊक आहे.

कॉलेजसाठी मी पुण्याला आले. होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, “भाजी लई तिखट हाय.” टेबलावरच्या मुलींनी ते वाक्य महिनाभर पुरवलं. मी वर्षभरात सगळं घासून काढलं. ‘लई’ गेलं, ‘हाय’ गेलं. गाता येत होतं म्हणून गाण्याच्या सरांनी आम्हा तिघींना बालगीतांच्या कोरसला नेलं. त्याच स्टुडिओत शेजारच्या खोलीत डबिंग चालायचं. लहान मुलाचा आवाज काढणारं कुणी आलं नव्हतं म्हणून एकदा मला उभं केलं. पडद्यावरच्या मुलाचं तोंड उघडलं की माझं वाक्य सुरू, मिटलं की संपलं पाहिजे. मला ते लगेच जमलं आणि मी तिथलीच झाले. आवाज स्वच्छ, उच्चार शुद्ध, असं माझं नाव झालं.

मग ती म्हैस आली. दोघीतिघींचे आवाज घेऊन झाले, पण दिग्दर्शकांना पटेना. ते म्हणाले, “गावठी पाहिजे. ऐकल्याबरोबर हसू आलं पाहिजे.”

मी वाजू नयेत म्हणून बांगड्या काढून ठेवल्या, माइकपुढं उभी राहिले आणि तो लांब श्वास आत ओढला. पुढचं सगळं आपोआप आलं. ते फाटणं, ते बारीक होणं, ‘म्या काय करू आता’. काचेपलीकडची माणसं हसत खुर्चीतून उठली. हे लिहिताना मान खाली जाते, पण त्या दिवशी मला फार आनंद झाला. जी बोली मी इतकी वर्षं लपवत होते तिच्यावर लोक टाळ्या वाजवत होते, आणि ती माझ्या घरातली आहे हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

मालिका चालली. म्हशीला एक गाणंही मिळालं. ते वाढदिवसांना वाजायला लागलं. एकदा भावाचा फोन आला.

“ताई, अंगणवाडीतली पोरं आत्याला म्हस म्हणायलेत.”

मी हसले. म्हणाले, “आत्याला सांग, आपण फेमस झालो.”

भाऊही हसला, पण थोडंच. ते थोडंच हसणं मला ऐकू आलं होतं. आवाज ऐकण्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळं कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

त्या हिवाळ्यात माझ्या जुन्या शाळेनं मला स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. येडशी स्टेशनवर गाडीतून उतरले तेव्हा भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. म्हणाला, “आत्यानं सकाळपासनं दोनदा साडी बदललीय.”

मैदानात मांडव होता. पहिल्या रांगेत सरपंच, तालुक्याहून आलेले साहेब, आणि टोकाच्या खुर्चीवर आत्या. शाल, नारळ, मुख्याध्यापकांचं भाषण झालं. माझं भाषण पोरांनी होऊ दिलंच कुठं. “म्हस! म्हस!” असा नुसता गलका. मी माइक घेतला आणि म्हशीचं बोलणं केलं, मग गाणं केलं. मांडव दणाणला. मी पहिल्या रांगेच्या त्या टोकाकडं बघायचं टाळत होते.

मग सहावी-सातवीतली एक मुलगी उभी राहिली. हात मागं बांधून तिनं पाठ केलेला प्रश्न विचारला, “मॅडम, हा आवाज तुम्ही कुठून शिकला?”

तेव्हा मात्र माझी नजर गेली. आत्या खुर्चीत पुढं सरकून बसली होती. पदर नीट केला होता. तिला वाटत होतं की आता मी तिच्याकडं हात करणार. अशी बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी म्हणाले, “आमच्या घरी एक म्हैस होती. तिच्याकडून शिकले.”

सगळा मांडव हसला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आत्याही हसली, तोंडाला पदर लावून, सगळ्यांच्या जरा मागून.

मी असं का बोलले? नंतर मी स्वतःची समजूत घातली, की तिचं नाव घेतलं असतं तर सगळी पोरं वळून तिच्याकडं बघून हसली असती, मी तिला वाचवलं. पण त्या क्षणी हे माझ्या मनात आलंही नव्हतं. मनात एवढंच होतं, की अंगावर शाल आहे, साहेब समोर आहेत, आणि ज्या बोलण्याला हे सगळे हसतायत ते बोलणारी बाई माझी आहे.

घरी आल्यावर आत्यानं चहा ठेवला. माझ्याकडं पाठ करून म्हणाली, “आपल्याकडं म्हस कधी व्हती गं?”

“गंमत म्हणून बोलले, आत्या. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

“न्हाय, म्हणलं मला आठवंना.” तिनं चहा गाळला आणि आधी मला दिला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर अंगणवाडीत गेले. काहीतरी करावं असं वाटत होतं. जेवणं झाली आणि सेविकाबाईंनी मोबाइल काढून भिंतीला टेकवून ठेवला. पोरं त्याच्यापुढं दाटीनं बसली.

“गोष्ट नाही का आज?” मी विचारलं.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, “वर्ष झालं, त्या सांगतच नाहीत. तोंड उघडलं की लेकरं हसायलेत. राक्षसाचं सांगितलं तरी हसतात. मग त्याच म्हणाल्या, ह्यांना मोबाइलच लावा.”

मोबाइलवर म्हशीचं गाणं सुरू झालं. आत्या मागच्या दारात बसून पातेलं घासत होती. माझा आवाज खोलीभर, आणि पातेल्यावर तिचा हात फिरत होता, न थांबता.

मी मोबाइल बंद केला. पोरांसमोर खाली बसले आणि म्हणाले, “ऐका. काल मांडवात मी खोटं बोलले. आमच्या घरी म्हैस नव्हती. हा आवाज मी तुमच्या ह्या आजीकडून, माझ्या आत्याकडून शिकले. मला गोष्टी सांगता येतात त्या तिच्यामुळं.”

एक मुलगी टाळी वाजवून ओरडली, “म्हंजी आजीच खरी म्हस हाय!”

जो हशा उसळला तो मला थांबवता आला नाही. मी ओरडले, त्यालाही पोरं हसली. आत्या हात पुसत आत आली. लांब श्वास न ओढता, अगदी सपाट आवाजात म्हणाली, “हात धुवा चला.” एवढंच.

वाटेनं ती म्हणाली, “कशाला सांगितलंस गं? कालपातूर लेकरं नुसतं म्हणायची. आता घरोघर जाऊन सांगतेल.”

तिचं खरं होतं. मला मोकळं व्हायचं होतं म्हणून मी बोलले होते. तिला हवं आहे का, हे मी विचारलंच नव्हतं.

पुण्याला येऊन मी दिग्दर्शकांना म्हटलं, म्हशीचा आवाज बदलू या. ते “चालतंय ते का मोडायचं?” म्हणाले. मी हट्ट धरला नाही. त्यानंतर आणखी वर्षभर मी म्हैस झाले, आणि चांगली झाले. मग घशाचं निमित्त सांगून सोडलं. माझ्या जागी एक हुशार मुलगी आली. तिनं मराठवाडा पाहिलेला नाही. माझं जुनं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून तिनं सगळं उचललं. एकदा भेटायला आली, पाया पडली आणि म्हणाली, “मॅडम, सगळं जमतंय, पण तुमचा तो सुरुवातीचा श्वास नाही जमत.”

तिला मी काही न दाखवता परत पाठवायला हवं होतं. मी तिला श्वास दाखवला. तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा तिला जमला.

आत्या आता अंगणवाडीतून सुटली आहे. मागच्या वर्षी मी रेकॉर्डर घेऊन घरी गेले. म्हटलं, तुमच्या गोष्टी तुमच्याच आवाजात, तुमचं नाव घालून काढू. तिनं ते यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. “मला आता आठवत नाहीत,” म्हणाली. रागावली नव्हती. मला जेवायला वाढलं, निघताना शेंगाची चटणी बांधून दिली.

दर रविवारी मी फोन करते. ती विचारते, “कशी आहेस? जेवलीस का? मी बरी आहे. इकडे काही नाही विशेष.” शब्द जपून, एकेक जागेवर ठेवल्यासारखे. ‘म्या’ नाही, ‘न्हाय’ नाही. भावाला मी विचारलं, आत्या हल्ली अशीच बोलते का?

तो म्हणाला, “न्हाय ताई. आमच्यासंगं पहिल्यासारखंच बोलती. तुझा फोन आला की तेवढं सांभाळून बोलती.”