लाल दोऱ्याचा पत्ता

पुण्याला निघाले त्या दिवशी मायने माझ्या हातात शिदोरी दिली आणि गोळ्यांचा एक रिकामा पत्ता दिला. पत्त्याला भोक पाडून लाल दोरा बांधलेला. "तिथल्या दुकानात दाखवजो, भेटत असनं," म्हणाली. तिची बीपीची गोळी. पांढरकवड्याला हायवेवर ट्रॅव्हल्स येईपर्यंत ती माझ्याजवळ उभी होती. फार्मसीचा डिप्लोमा झालेली पोडातली मी पहिलीच. "आपल्या पोडावर कधी टाकशीन दुकान?" तिनं विचारलं. टाकीन, म्हणाले मी.

दोऱ्याचं सांगते. आमचं कोलामांचं पोड, म्हणजे जंगलाच्या कडेला तीस-पस्तीस घरांची वस्ती, आणि मेडिकल पांढरकवड्यात. बाजाराच्या दिवशी कोणीतरी एकजण सगळ्यांचे रिकामे पत्ते घेऊन जायचा. वाचता येणारे कमी, म्हणून घराघराचा दोरा वेगळा. आमचा लाल, शेजारच्या जंगूमावशीचा पिवळा. दुकानदार आधी गाडीतून उतरलेल्यांना द्यायचा. आमच्या माणसाला "थांब रे जरा" म्हणून ताटकळत ठेवायचा आणि शेवटी सांगायचा, संपली, पुढच्या बाजाराला ये. मग माय आठ दिवस गोळीवाचून. डोकं दुखलं की कपाळाला फडकं बांधून कापूस वेचायला जायची.

आता मी पुण्यात ज्या चौकात काम करते तिथं चार मेडिकल आहेत. समोरच्या सोसायटीतल्या एक आजी मायच्याच वयाच्या. गोळी तीच, कंपनीही तीच. वीस मिनिटांत पोचली नाही की त्यांच्या सुनेचा फोन येतो, "अहो, माणूस निघालाय की नाही?" मी गोड आवाजात म्हणते, निघालाय मॅडम. पण पोटात दुखतं माझ्या, खोटं कशाला बोलू? त्या आजींचा एक पत्ता पर्समध्ये, एक उशाशी, एक जास्तीचा कपाटात. एकदा सुनेनं तारीख उलटलेले पत्ते पिशवीभर आणून दिले, टाकून द्या म्हणाली. त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला. माझ्यासारखे गाव सोडून तुम्ही जे नाशिकला, हैदराबादला गेलात, तुमचंही असंच होत असेल.

पहिल्या दिवाळीच्या आधी मी मायला तीन महिन्यांच्या गोळ्या पाठवल्या. महिनाही झाला नाही तोच तिचा फोन, संपल्या.

"माय, रोज एकच म्हणलं होतं ना?"

"एकच खाल्ली. बाकीच्या बायाइले बी एकएक देल्ली."

पोडात मध आला, मासे आले, की घराघरात वाटा जातो. मायने गोळ्याही तशाच वाटल्या. जंगूमावशीला चक्कर यायची, म्हणजे बीपीच असणार, म्हणून तिलाही. तिचं बीपी मुळात कमी. गोळी खाऊन ती हापशीवर पडली, कपाळ फुटलं. मी फोनवर खूप बोलले मायला. औषध म्हणजे मध हाय का, म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू तिथं बसून पुऱ्या शहराले वाटून राह्यली. मी चार घराले देल्ली त काहून चिडते?"

सुटी काढून गेले. मायसकट पाच जणींना सरकारी दवाखान्यात नेलं, बीपी मोजून घेतलं. चौघींना खरंच गोळी लागत होती. जंगूमावशीला मुळीच नाही. चौघींची डॉक्टरांची चिठ्ठी मी घेऊन आले, तेव्हापासून गोळ्या मी पाठवते. मायने भिंतीत खिळे ठोकलेत, एकेका खिळ्याला एकेका दोऱ्याचा पत्ता. सकाळी बाया ओट्यावर येतात, माय जिच्या तिच्या पत्त्यातली गोळी काढून देते, पाणी देते, गिळेपर्यंत बघते. जंगूमावशीही येते, नुसती चहाला. तास तास बसतात सगळ्या, हसतात. माझ्या काउंटरवर कोणी बसत नाही. गोळी घेतात, फोन बघत निघून जातात.

त्या आजींवर जळायचे, आता मायवर जळते. दुकान टाकीन म्हणाले होते मी, आणि टाकून बसली ती. शिकले मी, आणि बाया वाट बघतात तिची.

मागच्या खेपेला गेले तेव्हा मीही ओट्यावर बसले. हिरव्या दोऱ्याची बाई आली, तिचा पत्ता काढायला मी उठून खिळ्याकडे हात नेला. मायने हात धरून मला खाली बसवलं.

"राहू दे," म्हणाली, "तू पाव्हणी हायस."