खेकड्याची गाठ

रात्रीच्या जंगलात पानशेपटी पाल दाखवावी तर तोंबूनेच, असं आमच्या खाडीकाठी कुणीही सांगितलं असतं. ही पाल खोडाला चिकटली की साल कुठली आणि पाल कुठली ते जंगल बघायला आलेल्या पाहुण्यांना नाक लावूनही कळत नाही. तोंबू कानशिलाशी बॅटरी धरायचा आणि वीस पावलांवरून तिच्या डोळ्याची लालसर चमक टिपायचा. बेडूक नि फांदीच्या टोकाला झोपलेले सरडे तर त्याला चालता चालता दिसायचे. त्याची बायको सुआझारा बाजारात खेकडे विकते, तेही नवऱ्याच्या नावावर चार जास्त खपायचे.

ही विद्या त्याला लेझाफी आजोबांनी दिली. ते इथले पहिले वाटाडे. शिकवताना त्यांची अट एकच होती, जनावराला हात लावायचा नाही. तशीही पूर्वजांची बंदी आहे. आमच्याकडे सरड्याला कुणी शिवत नाही आणि या पालीला तर माणसं त्याहून घाबरतात. सापडली नाही तर सापडली नाही म्हणायचं आणि पाहुण्यांना आणून गरम भात वाढायचा, असं ते सांगायचे.

पण दोन पावसाळ्यांपूर्वी तोंबूच्या डोळ्यांवर साय धरायला लागली. दिवसा निभायचं. रात्री मात्र बॅटरीचा उजेड फुटून सगळीकडे पसरायचा आणि त्यात पाल काय, झाडही धड दिसायचं नाही. त्याने बायकोलाही सांगितलं नाही. ज्या डोळ्यांचं गावाने एवढं कौतुक केलं तेच गेले, हे कुठल्या तोंडाने सांगणार? लागोपाठ तीन रात्री पाहुणे हात हलवत परतले. चौथ्या दुपारी तो एकटाच जंगलात गेला, पाल हेरली, सुआझाराच्या टोपलीतला राफिया ताडाचा धागा काढला आणि पालीचा मागचा पाय खोडातून फुटलेल्या बारक्या फांदीला बांधला. गाठ खेकड्याची, म्हणजे खेकड्याच्या नांग्या बांधतात ती मारली, कारण ओढलं की आवळणारी तीच एक गाठ त्याला येत होती. पूर्वजांची माफी मागितली आणि एकदाच, म्हणून स्वतःला बजावलं. पुढे पाहुणे आले की दुपारी जंगलात जाऊन पाल बांधायची आणि सकाळी उजेडात सोडायची हे ठरूनच गेलं. कुणाला संशय येणंही शक्य नव्हतं, कारण पालीला हात लावणारा माणूस इथे असेल हे कुणाच्या मनातच आलं नसतं. सुरुवातीला बांधताना तो दर वेळी पूर्वजांची माफी मागायचा. पुढे मागेनासा झाला, आणि त्याची त्याला जास्त लाज वाटायची.

त्या रात्री एक डच जोडपं आलं होतं. वीस वर्षांपूर्वी ते आजोबांबरोबर फिरले होते, म्हणून आजोबाही काठी टेकत निघाले. तोंबूने दुपारीच पाल बांधून ठेवली होती. त्याने दुसरी वाट धरायचं सुचवून पाहिलं, पण बाईंना पालच बघायची होती. नेहमीच्या झाडाशी आल्यावर आजोबा सगळ्यांच्या पुढे झाले. त्यांची बॅटरी खोडावरून सरकली, एका जागी थांबली आणि विझली.

ते खोडाकडे पाठ करून वळले. आपल्याला पाल वाटली, पण निघाली नुसती साल, म्हातारपणी डोळे असेच फसवतात, असं हसत हसत त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. पाहुणेही हसले. डच गृहस्थांनी तर कीव येऊन त्यांचा खांदा थोपटला. उभ्या जन्मात आजोबांची नजर चुकली नव्हती. तोंबूला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

पुढे बेडूक आजोबांनीच दाखवले. पाहुणे मुक्कामावर पोचताच तोंबू उलट पावली झाडाशी आला. धागा दवाने फुगला होता, पाल हिसके देत होती आणि प्रत्येक हिसक्याला गाठ आणखी आवळत होती. तो चाचपत राहिला. नख कुठे घालावं तेच दिसेना. मागे काठीचा आवाज आला तरी त्याने मान वळवली नाही.

"मला दिसत नाही, आजोबा," तो म्हणाला.

आजोबांनी काठी खाली ठेवली. बॅटरी त्याच्या हातात दिली, त्याचं मनगट धरून उजेड नीट पाडला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पालीला हात लावला. ओठातल्या ओठात पूर्वजांची क्षमा मागत त्यांनी गाठ सोडवली. पायावरची कातडी सोलून निघाली होती. पाल पळाली नाही, खोडावर दोन बोटं वर सरकली आणि तिथेच थांबली.

"दिसत नाही ते मला दोन पावसाळे ठाऊक आहे," आजोबा म्हणाले. "तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो." मग त्यांनी तो धागा तोंबूच्या तळहातावर ठेवला. "हे ठाऊक नव्हतं."